अम्मानहून एका दिवसात पेट्रा: गाडीचे तास सोडा, पायांचे मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला चार रात्री मुक्काम, त्यातले दोन दिवस ऑफिसच्या कामाचे, नवरा-बायको आणि बरोबर चौसष्ट वर्षांची आई. पेट्राला, म्हणजे तिथल्या डोंगरात कोरलेल्या प्राचीन शहरात, सकाळी जाऊन रात्री परत अम्मानलाच झोपायला यायचंय. "जमेल का, की एवढे पैसे घालून नुसतं तोंड दाखवून येणं होईल?" शिवाय कोणीतरी सांगितलंय की एका दिवसात परत येणाऱ्यांना तिकीट ९० दिनार पडतं, त्यामुळे पोटात गोळा आलाय.

मी बारा वर्षं टूर मॅनेजर म्हणून ग्रुप घेऊन फिरतेय, जॉर्डन वर्षातून एक-दोनदा असतंच, आणि ग्रुपमध्ये साठीच्या पुढचेच जास्त. पेट्रा एका दिवसात करून आणलंय, एकदा चांगलंच फसलंयही, ते पुढे सांगते.

आधी तिकिटाचं, कारण ते चटकन मिटतं. ९० दिनारवालं तिकीट जॉर्डनमध्ये एक रात्रही न राहणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे सकाळी बॉर्डर ओलांडून आले आणि संध्याकाळी परत गेले असे लोक. तुम्ही अम्मानला राहताय ना, मग तुमचं एका दिवसाचं तिकीट ५० दिनारचं. रात्र पेट्रालाच काढली पाहिजे असं काही नाही, जॉर्डनमध्ये कुठेही चालते. आणि चार रात्री असाल तर जॉर्डन पास बघा, पेट्राचा एक दिवस धरून ७० दिनारला आहे, देशात सलग तीन रात्री राहिलात तर व्हिसाची ४० दिनार फी माफ होते, वर जेराशच्या रोमन अवशेषांसकट बाकीची बरीच ठिकाणं त्यात येतात. वेगवेगळं काढलं तर ४० आणि ५० मिळून ९०, पासात ७०, म्हणजे माणशी २० दिनार तिथेच वाचले, आणि दिनार डॉलरपेक्षा महाग आहे, साधारण १.४१ डॉलरला एक, त्यामुळे तीन माणसांचे साठ दिनार ही काही चिल्लर नाही. फक्त तो निघायच्या आधी ऑनलाइन काढायचा. एअरपोर्टवर उतरून व्हिसाचे पैसे भरून झाल्यावर आठवण झाली तर उपयोग शून्य.

आता मुद्द्याचं. तुम्ही मोजताय गाडीचे तास. अम्मान ते पेट्रा डेझर्ट हायवेने साधारण २३५ किमी, तीन तास, मधे चहाला थांबलात तर साडेतीन. जाऊन-येऊन सहा-सात तास बसून काढायचेत, त्याने आईंनाही फार काही होणार नाही, एखादी डुलकी लागेल इतकंच. खरा हिशोब गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. पेट्रा म्हणजे गाडी दाराशी लागली, फोटो काढले, निघालो असं ठिकाण नाही. डोंगरांच्या मधे लपवलेलं अख्खं शहर आहे ते, आणि आत जायचा रस्ता उताराचा आहे. व्हिजिटर सेंटरपासून सीकच्या तोंडापर्यंत पाऊण-एक किमी, मग सीक म्हणजे ती अरुंद घळ साधारण १.२ किमी, मग एकदम समोर ट्रेझरी, म्हणजे फोटोत दिसते ती कड्यात कोरलेली इमारत, आणि तिथून पुढे थिएटर, राजथडगी, खांबांचा रस्ता करत करत खाली बेसिनपर्यंत, म्हणजे शहराच्या तळाच्या खोलगट भागापर्यंत, गेटपासून जवळजवळ चार किमी. सगळं हळूहळू उतरत. त्यामुळे जाताना सगळे खुशीत, कोणी दमलेलं नाही, अजून जरा पुढे जाऊ, अजून जरा पुढे जाऊ असं चाललेलं असतं, आणि हे सगळं परत चढून यायचंय, तेही दुपारी, हे कुणाच्या डोक्यातही नसतं. उतारावरची पावलं उधारीची असतात हो, वसुली चार वाजता सुरू होते.

माझं फसलं ते असंच. सुरुवातीच्या वर्षांतलं, डिसेंबरचा ग्रुप, बस यायलाच पाऊण तास उशीर, मग नाश्ता, मग कोणाचा तरी चष्मा रूममध्ये राहिला, असं करत पोचायलाच साडेअकरा झाले. मी नवखी, कोणाला नाही म्हणायची हिंमत नाही, त्यामुळे सगळ्यांना सगळं दाखवायचं ठरवलं आणि अडीच वाजता मोनेस्टरीच्या, म्हणजे डोंगरावरच्या दुसऱ्या मोठ्या कोरीव इमारतीच्या, पायऱ्यांना लागलो. निम्म्यावर एका काकांचा गुडघा धरला. बसले ते बसलेच. वरचे लोक वर, काका मधे, काकू खाली बेसिनला चहा पीत, आणि मी या तिघांच्या मधे खाली-वर. सीकमधून बाहेर येईपर्यंत मिट्ट काळोख, मोबाइलचे टॉर्च लावून भिंत चाचपत आलो, शेवटी तिथल्या गार्डनेच काकांचा एक हात धरला. त्या रात्री अम्मानला अकरा वाजता पोचलो आणि माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. तेव्हापासून मी उलटा हिशोब करते: गेटच्या बाहेर किती वाजता यायचंय ते आधी ठरवायचं, त्यातून परत चालायचे दोन तास वजा करायचे, जी वेळ उरेल ती मागे वळायची वेळ, आणि ती वेळ झाली की समोर काहीही असो, वळायचं.

उलट्या हिशोबाने तुमचा दिवस असा दिसतो. संध्याकाळी पाचला गेटबाहेर, म्हणजे तीनला बेसिनमधून परत फिरलेले पाहिजेत. सकाळी पाचला अम्मान सोडलंत तर सव्वाआठ-साडेआठला गेटवर. आत साडेआठ तास मिळाले, ते पुरतात. आणि पाचला निघणं ऐकायला भयंकर वाटतं पण आपल्याला नाहीये, कारण जॉर्डन आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथले पहाटेचे चार म्हणजे आपल्या शरीराचे साडेसहा. भारतातून येऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर साडेतीन-चारला तुमचे डोळे आपोआप उघडतात, आईंचे तर त्याच्याही आधी. म्हणून मी पेट्रा कायम आल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी टाकते, ट्रिपच्या शेवटी नाही. शरीर तिथल्या घड्याळाला लागलं की मग पहाटे उठणं जिवावर येतं. ह्याचीच दुसरी बाजू म्हणजे परतीच्या प्रवासात तिथे सात वाजलेले असतात तेव्हा तुमच्या अंगात साडेनऊ वाजलेले असतात, वर दिवसभराची पायपीट. म्हणून कृपा करून गाडी स्वतः चालवू नका. एक तर तिकडे उजव्या बाजूने चालवायचं, हायवेवर ट्रक भरपूर, गावाजवळ अंधारात न दिसणारे स्पीडब्रेकर. ड्रायव्हरसकट गाडी घ्या, निघायची वेळ, थांबायचे तास आणि एकूण पैसे हे तिन्ही आदल्या दिवशी मेसेजवर लिहून घ्या. अम्मानहून साडेसहाला टुरिस्ट बसही असते आणि ती बरीच स्वस्त पडते, पण ती पोचायला दहा वाजून जातात आणि परतीची वेळ तिच्या हातात. दोघंच असतात त्यांना मी बस सांगते, आई बरोबर असताना नाही.

लवकर जायचं दुसरं कारण ऊन. चटके बसतात ते आहेच, पण मी प्रकाशाबद्दल बोलतेय. ट्रेझरी पूर्वेकडे तोंड करून आहे आणि उंच कड्यांच्या कोंडीत आहे, त्यामुळे तिच्यावर थेट ऊन पडतं ते सकाळी साधारण नऊ ते अकराच्या मधे, ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे. बाराला पोचलेल्या माणसाला तोच दगड मळकट गुलाबी दिसतो आणि त्याला वाटतं फोटोत होतं तसं नाहीये. राजथडग्यांचं आणि मोनेस्टरीचं उलटं, ती दुपारनंतर उजळतात. म्हणजे निसर्गानेच क्रम लावून दिलाय, सकाळी ट्रेझरी, दुपारी मोनेस्टरी, परत येताना राजथडगी. बसने दहाला पोचणारे ट्रेझरीला पळत सुटतात ते ह्यासाठी.

पळत सुटू नका मात्र, सीकमध्ये तर अजिबात नाही. माझ्या मते पेट्रातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट सीकच आहे आणि नव्वद टक्के लोक ट्रेझरीच्या ओढीने ती नुसती पार करतात. चालताना भिंतीकडे बघा, दगडात खोदलेली पन्हळ तुमच्या बरोबरीने चाललेली दिसेल, पाणी शहरात नेणारी. एका बाजूने तर मातीच्या पाइपांची लाइन होती, काही ठिकाणी तुकडे अजून दिसतात. हे शहर वसवलं ते वाळवंटातल्या नबातियन लोकांनी, त्यांचा धंदा उंटांच्या तांड्यांवर, धूप, ऊद, मसाले, आणि तांडा थांबायचा तर पाणी पाहिजे, म्हणजे हे शहर खरं तर त्या पन्हळीवर उभं होतं. रोमनांनी इ.स. १०६ मध्ये राज्य ताब्यात घेतलं, पुढे ३६३ च्या भूकंपात बरंच पडलं, आणि १८१२ मध्ये बुर्कहार्ट नावाचा स्विस माणूस अरबी वेष करून आत शिरेपर्यंत युरोपला ते ठाऊकच नव्हतं. तिथल्या बेदुइनांना, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांना, अर्थातच ठाऊक होतं, ते तिथेच राहत होते. तर सीक अर्धा उतरलात की एका बाजूला उंटांच्या तांड्याचं कोरीवकाम आहे. वरचा भाग झिजून गेलाय. उरलेत ते उंटांचे पाय, आणि एका माणसाची पावलं आणि अंगरख्याचा खालचा काठ. मी ग्रुपला तिथे मुद्दाम थांबवते, पाच मिनिटं, पाणी प्यायला म्हणून. कोणी विचारलं नाही तर दाखवतही नाही, पण कोणीतरी विचारतंच की मॅडम ही पावलं कुणाची.

ट्रेझरीसमोर वेरूळच्या कैलासाची आठवण होणार, होऊ द्या, कारण इथेही वरून खाली कोरत आलेत. साधारण ४० मीटर उंच आहे आणि आत जाता येत नाही, आत तसंही कोरड्या खोल्याच. खजिना वगैरे काही नव्हता, ते नाव नंतर पडलं, वरच्या दगडी कलशात सोनं आहे असं समजून लोकांनी गोळ्या झाडल्या त्याच्या खुणा दिसतात, कलश भरीव दगडाचा आहे. इथे "वरून मस्त व्ह्यू दाखवतो, पाचच मिनिटं" म्हणणारी मुलं भेटतील. त्यांच्या मागे त्या कड्यावर चढू नका, घसरड्या दगडाला धरायला काही नाहीये.

आता आई. चौसष्ट हा आकडा मला काही सांगत नाही, माझ्याबरोबर बहात्तरच्या आजी मोनेस्टरीला गेल्यात आणि पंचेचाळीसचे लोक ट्रेझरीपासून परत फिरलेत. घरी साधी परीक्षा घ्या, सलग दोन तास चालून मग चार मजले जिना चढायला लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला विचारा. दुखत नसेल तर बेसिनपर्यंत येऊ शकतील. दुखत असेल तर त्यांची मर्यादा थिएटर. थिएटर म्हणजे ट्रेझरीच्या पुढे सात-आठशे मीटर, डोंगरातच कोरलेलं आहे, तिथून राजथडगी समोर दिसतात, पेट्रा बघितल्याचं समाधान पूर्ण होतं. तिथून परत ट्रेझरीला यायचं आणि ट्रेझरी ते गेट बॅटरीवर चालणारी गाडी असते ती घ्यायची. वेगळे पैसे पडतात, घ्या तरी, कारण उधारीची वसुली होते तो चढाचा भाग नेमका हाच. तिकिटात घोडा फ्री आहे असं गेटवर कानावर पडेल. तो फक्त सीकच्या तोंडापर्यंत असतो, आणि उतरताना टिप मागतातच, मग फ्री म्हणालात ना यावरून वाद. चालत जा, उतारच आहे.

मोनेस्टरी, म्हणजे अद-दैर, बेसिनपासून आठशेच्या वर पायऱ्या. शंभर-एक पायऱ्यांची पर्वती आठ वेळा चढल्यासारखं धरा, फक्त पायऱ्या एकसारख्या नाहीत, झिजून गुळगुळीत झाल्यात आणि वरून गाढवं येत असतात. गाढव आलं की डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या बाजूला नाही, हे आईंनाच नाही तुम्हालाही सांगतेय, फोटोच्या नादात लोक नेमके उलटे सरकतात. गाढवावर बसून वर जावं का, तर माझं मत नको. जनावराचे हाल असतात, आणि उतरताना गाढवाचा पाय घसरला तर तुम्हीही गेलात. बरे चालणारे असाल तर चढायला पाऊण ते एक तास, उतरायला पस्तीस-चाळीस मिनिटं. त्यामुळे साडेबाराला पायथ्याशी असाल तरच चढा. दीड वाजला असेल तर सोडून द्या, मोनेस्टरी न बघितल्याने पेट्रा अपुरं राहत नाही, रात्री काळोखात सीक चढल्याने मात्र सगळा दिवस कडू होतो. एक सोपी वाटही आहे, लिटल पेट्राच्या बाजूने मागून मोनेस्टरीला येणारी, म्हणजे वरून सुरू करून खाली उतरत यायचं, पण ते दोन तासांचं डोंगरातलं चालणं आहे आणि मग ट्रेझरी सकाळी मिळत नाही, त्यामुळे पहिल्याच भेटीत, तेही एका दिवसात, मी ती कधीच घेत नाही.

कुठल्या महिन्यात जाताय ते लिहिलं नाहीत, त्यावर बरंच काही अवलंबून आहे. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा ते तीन सावली शोधत बसावं लागतं, म्हणजे तेवढे तास वजा. डिसेंबर-जानेवारीत थंडी खरी थंडी असते, पेट्रा हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, कधी बर्फही पडतं. आणि जॉर्डनने २०२२ पासून घड्याळं मागेपुढे करणं बंद केलंय, त्यामुळे हिवाळ्यात उजाडायलाच साडेसात होतात आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, घळीत तर अंधार त्याच्याही आधी. हिवाळ्यात जात असाल तर माझी मागे वळायची वेळ तीनऐवजी दोन. रमजान असेल तर आत खायला कमी मिळतं आणि ड्रायव्हरचा उपास असतो, सूर्यास्ताच्या वेळी त्याला थांबायचं असतं, ते धरून चाला.

आणि पाऊस. ह्यात मात्र हिशोब वगैरे काही नाही. पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवशी जायचं नाही, तिकीट गेलं तरी चालेल. आजूबाजूच्या डोंगरावर पडलेलं पाणी सगळं त्या अरुंद घळीकडे धावतं. नबातियनांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी सीकच्या तोंडाशी बांध घालून पाणी बोगद्याने दुसरीकडे वळवलं होतं, तो बोगदा आजही आत जाताना उजवीकडे दिसतो. १९६३ मध्ये सीकमध्ये असा लोंढा येऊन वीसेक फ्रेंच पर्यटक गेले, त्यानंतर नवा बांध घातला, तरी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हजारो लोकांना बाहेर काढावं लागलं. आत असताना गार्ड बाहेर जा म्हणाला किंवा उंचावर चढा म्हणाला तर त्या क्षणी ऐकायचं, फोटो राहिला तर राहिला.

एक रात्र वादी मूसाला, म्हणजे पेट्राच्या गेटजवळच्या गावात, राहिलात तर हे सगळं निम्म्याने सोपं होतं, हे मी लपवणार नाही. कामाच्या दिवशी दुपारी दोनला सुटका होत असेल तर तेव्हाच निघा, रात्री तिथे झोपा, सकाळी गेट उघडताच आत. अम्मानचं हॉटेल एक रात्र रिकामं राहील, तेवढा खर्च पेट्राच्याच खात्यात धरा. ते जमत नसेल तर एक दिवसच करा, पण त्या दिवसाला वादी रमचं वाळवंट किंवा डेड सी जोडून देतो म्हणणाऱ्या एजंटला हात जोडा. गाडीच्या नकाशावर ते बसतं, पायांच्या नाही.

बूट जुने घाला, घासून बसलेले. पाणी माणशी दीड-दोन लिटर, आत मिळतं पण जसं खोल जाल तसं महाग. बरोबर कोरडं खायला असू द्या, बेसिनला जेवण मिळतं, पण जेवून सुस्तावलेल्या माणसाला पायऱ्या चढवत नाहीत. टॉयलेट गेटलाच उरकून घ्या, आत मोजकीच आहेत.

आणि आईंना थिएटरपासून परत पाठवायचं ठरलं तर त्यांनी तीन तास गाडीत बसून काढायचे असं करू नका. व्हिजिटर सेंटरला लागूनच पेट्रा म्युझियम आहे, २०१९ ला उघडलं, आत जायला पैसे नाहीत, बसायला जागा आहे, एसी आहे, आणि आत्ता बघून आलेल्या पन्हळींचं सगळं गणित तिथे नीट मांडलेलं आहे. माझ्या एका ग्रुपमधल्या काकू तिथे बसून एवढं वाचून आल्या की परतीच्या वाटेवर बसमध्ये माइक त्यांच्याच हातात होता. तुमच्यातल्या एकाने आईंना बॅटरीच्या गाडीतून तिथपर्यंत सोडून यायचं की त्या एकट्या जातील ते मात्र अम्मानलाच ठरवा, ट्रेझरीसमोर उभं राहून नको, आणि ड्रायव्हरचा नंबर त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या.